कापडाची फुले आणि घरातील यत्नाचार



सुवर्णमहोत्सवाच्या ज्या व्यासपीठावरून कर्मसिद्धांत, अनेकांतवाद आणि तीर्थांचा इतिहास अशा गहन विषयांची चर्चा होत आहे, तेथे कापडाच्या फुलांसारखा घरगुती विषय मांडला जावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु धर्माची परीक्षा जितकी व्याख्यानगृहात होते, तितकीच ती घराच्या उंबरठ्यावर, देवघरात आणि शिवणाच्या टोपलीपाशीही होत असते. दाराचे तोरण, चौरंगावरचा रुमाल, पोथीचे वेष्टन, पडद्याचा बंद, उशीचा अभ्रा, भेटवस्तूची पिशवी या साध्या वस्तूंवर घरातील गृहिणी हाताने केलेले एक फूल टाचते, तेव्हा तिच्या हातून केवळ शोभेचे काम होत नाही. त्या फुलात तिचे विवेकाचे भान किंवा त्या भानाचा अभाव, दोन्हींपैकी काहीतरी गुंफले जाते.

जैन परंपरेचे फुलांवरील प्रेम फार जुने आहे. तीर्थंकर भगवंतांच्या अष्टप्रातिहार्यांत सुरपुष्पवृष्टीचा समावेश आहे. सहावे तीर्थंकर पद्मप्रभ यांचे लांछन कमळ, तर एकविसावे तीर्थंकर नमिनाथ यांचे लांछन नीलकमल. अबूच्या देलवाडा येथील विमलवसही इ. स. १०३१ मध्ये आणि वस्तुपाल-तेजपाल बंधूंची लूणवसही इ. स. १२३० मध्ये उभी राहिली. तेथील छतांमधून खाली झुकलेली संगमरवरी कमळे पाहताना यात्रेकरूची मान आपोआप वर होते. त्या कारागिरांनी वेलीवरचे एकही फूल न खुडता दगडात फूल फुलविले. गृहस्थाच्या घरी संगमरवर कोठून असणार? त्याच्या घरी असते ते कापड. म्हणून कापडाचे फूल ही त्याच भावनेची लहानशी, घरगुती आवृत्ती होय.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. जिनपूजेत ताजी फुले वाहावीत की नाहीत, याविषयी जैन संप्रदायांच्या परंपरा भिन्न आहेत. कोणी पुष्पपूजा श्रद्धेने करतात, कोणी केशराने रंगविलेल्या अक्षतांनाच पुष्प मानतात, तर कोणी द्रव्यपूजाच करीत नाहीत. त्या प्रश्नाचा निर्णय गुरुभगवंतांकडे आहे आणि तो या व्याख्यानाचा विषय नाही. येथे विचार आहे तो केवळ घराच्या आणि घरगुती वस्तूंच्या सजावटीचा. तीत पूजेचे निमित्त नसते, केवळ शोभेचा हेतू असतो. जी हिंसा टाळता येण्यासारखी आहे, ती शोभेसाठी का करावी, असा हा साधा प्रश्न आहे. श्रावण-भाद्रपदात पर्युषण आणि दशलक्षण येतात, त्याच सुमारास गणेशोत्सवही असतो. फुलांचे भाव चढतात, पावसाने भिजलेल्या फुलांत सूक्ष्म कीटक भरलेले असतात आणि दाराला बांधलेली माळ दुसऱ्या दिवशी सुकून केरात जाते. अशा वेळी अनेक घरांतून कापडी फुलांचा पर्याय पुढे येतो, हे योग्यच आहे.

परंतु खरा पेच येथूनच सुरू होतो. ताजे फूल तोडले नाही म्हणून समाधान मानणारे घर बाजारातून झगझगीत रेशमी कापड आणते आणि त्याची फुले करते. ताजे फूल हा वनस्पतिकायिक, एकेंद्रिय, स्थावर जीव. रेशमाचा किडा हा त्रस जीव. किडा आपल्याभोवती शेकडो मीटर लांबीचा एकसंध धागा विणून कोश तयार करतो. आतील पतंग कोश फोडून बाहेर पडला, तर धागा तुटतो. म्हणून प्रचलित पद्धतीत वाफेने, उष्ण हवेने किंवा उकळत्या पाण्याने जीव आतच मारला जातो. एक किलो कच्च्या रेशमासाठी असे काही हजार कोश लागतात. श्रावकाच्या अहिंसाणुव्रतात त्रस जीवांची संकल्पी हिंसा प्रथम वर्ज्य सांगितली आहे. मग एकेंद्रियाला वाचविण्यासाठी त्रस जीवाच्या कोशाचे फूल करणे हा कोठला हिशेब? जमेच्या बाजूला एक रुपया मांडून खर्चाच्या बाजूचे शंभर लपविण्यासारखेच ते आहे.

कोश न उकळता, पतंग बाहेर पडून गेल्यावर धागा काढण्याची पद्धत तत्कालीन आंध्र प्रदेशातील कुसुमा राजय्या यांनी प्रचारात आणली आणि ते रेशीम ‘अहिंसा सिल्क’ या नावाने ओळखले जाते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र बाजारात सर्रास मिळणारे रेशीम ते नव्हे. शोभेच्या फुलासाठी तर रेशमाचा आग्रह धरण्याचे कारणच नाही.

कापड ओळखावे कसे, हा पुढचा प्रश्न. कापडाच्या व्यापारात ‘सिल्क’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कृत्रिम रेशीम. ते बहुधा लाकडाच्या लगद्यापासून केलेले रेयॉन किंवा खनिज तेलापासून केलेले पॉलिएस्टर असते. ‘सॅटिन’ हे तर विणीचे नाव आहे, धाग्याचे नव्हे. सॅटिन रेशमाचेही असते, पॉलिएस्टरचेही असते. जुन्या साड्यांची कातरणे वापरतानाही सावध असावे. पारंपरिक इरकल साडीचे अंग सुती असले, तरी पदराचा ताणा रेशमाचा असतो. अलीकडच्या साड्यांत त्याजागी कृत्रिम धागाही आढळतो. खणाच्या कापडाचेही तसेच आहे. शंका असल्यास कडेचा दोन-तीन इंचांचा एकच धागा काढून चिमट्यात धरून पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि मागे काळी, बोटांनी चुरणारी गुठळी राहते. पॉलिएस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी बनतो. एवढी ओळख पटली की दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही.

रेशीम टाळले म्हणून पॉलिएस्टर निर्दोष ठरते, असेही नाही. त्यात किडा मरत नाही हे खरे, पण ते मातीत कुजत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तेव्हा सजावटीचा हा कचरा किती साचतो याची जाणीव सर्वांनाच झाली. टाकलेले पॉलिएस्टरचे फूल त्याच कुळातले आहे. मग सुती कापड निर्दोष म्हणावे काय? तेही पूर्णपणे नाही. कपाशीच्या शेतीत कीटकनाशकांची फवारणी होते, धुलाई आणि रंगाई यांत पाणी खर्ची पडते. म्हणजे नवे कापड, कोणतेही असो, काही ना काही हिंसा सोबत घेऊनच दुकानात येते. अंग झाकण्यासाठी गृहस्थाला ते घ्यावे लागते. परंतु केवळ शोभेसाठी नवे कापड फाडणे समर्थनीय नाही.

यातून निघणारा निष्कर्ष सोपा आहे. कापडाचे फूल कातरणाचेच असावे. झबली, परकर, पोलकी, कुडते, उशांचे अभ्रे शिवून झाल्यावर जे तुकडे उरतात, शिंप्याच्या दुकानात संध्याकाळी जे झाडून काढले जातात, त्यांत नवी हिंसा मिसळलेली नसते. जे घडायचे ते अगोदरच घडून गेलेले असते. जे केरात जाणार होते, ते शोभेला येते. मलमल, वायल, केंब्रिक, पॉपलीन ही सुती कापडे फुलांसाठी उत्तम. इचलकरंजीसारख्या मागांच्या गावांतून येणारे साधे सुती कापड आणि जुन्या धुवट धोतराचा तुकडादेखील सुंदर पांढरे फूल देतो. जाडसर मांजरपाटाचा उपयोग फुलाच्या पाठीमागे गोल ठिगळ म्हणून होतो.

थोडा हिशेबही पाहू. दोन इंचांच्या पाच चौकोनी तुकड्यांतून पाच पाकळ्यांचे एक फूल होते. दहा इंच रुंद आणि बारा इंच लांब अशा एका कातरणातून असे तीस चौकोन निघतात, म्हणजे सहा फुले. तीन फूट रुंदीच्या दाराला, दोन इंचांचे फूल आणि एक इंच मोकळी जागा धरली, तर बारा फुले पुरतात. अर्थात वहीच्या पानाहून थोडे मोठे असे केवळ दोन तुकडे, आणि घराचे तोरण तयार! शिंप्याकडे एका दिवसात साचणारी कातरणे पाहिली, म्हणजे किती दारे सजू शकतील याची कल्पना यावी.

फुलांचे तीन प्रकार प्रत्येक घराला सहज जमण्यासारखे आहेत. पहिला प्रकार चौकोनी पाकळ्यांचा. चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करावा, तो पुन्हा मध्यावर दुमडावा आणि कापलेल्या उघड्या कडांना धावदोरा घालावा. त्याच दोऱ्यात पाचही पाकळ्या ओवून दोरा ओढला की चुण्या पडतात. मग पहिली आणि शेवटची पाकळी जोडून गाठ मारावी. जपानमध्ये एदो काळापासून चालत आलेल्या ‘त्सुमामी’ कलेत असेच लहान चौकोन चिमट्याने दुमडून तांदळाच्या खळीने चिकटवितात. तेथे पारंपरिक कापड रेशमाचे असते. आपण त्यांची घडी घ्यावी, रेशीम सोडावे. दुसरा प्रकार गुलाबाचा. दोन इंच रुंद आणि सुमारे वीस इंच लांब पट्टी उरेब कापावी, लांबीत दुमडावी, उघड्या कडेला धावदोरा घालून हलके ओढावे आणि गुंडाळत जाऊन तळाशी टाके घ्यावेत. पट्टी उरेब असली की कड उसवत नाही आणि पाकळीला वळण येते, ही गोष्ट नवशिक्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. तिसरा प्रकार सर्वांत सोपा. चार इंच व्यासाचे वर्तुळ कापून कड पाव इंच आत दुमडावी, तिला धावदोरा घालून ओढावे आणि सपाट करावे. लहान मुलेही हे फूल करतात. त्यांना आजीजवळ बसवून ते अवश्य शिकवावे.

फुलाच्या मध्यभागी काय लावावे, यातही विवेक हवा. शिंपल्याची किंवा हाडाची बटणे, पिसे, खरे मोती यांची काहीच गरज नाही. पिवळ्या सुती दोऱ्याचा झुबका किंवा कापडाने मढविलेला छोटा बोळा पुरेसा होतो आणि अधिक शोभून दिसतो.

यानंतर येते खळ. येथे हिंसा सर्वांत नकळत घरात शिरते. पाकळी ताठ राहावी म्हणून कापडाला कडकपणा द्यावा लागतो. पाश्चात्य देशांतील फुलांच्या कारागिरीत त्यासाठी जिलेटिन वापरले जाते. जिलेटिन हे प्राण्यांची कातडी आणि हाडे यांपासून काढतात. आपल्याकडे सुतारकामात वापरला जाणारा पारंपरिक सरसही त्याच जातीचा. चांदीच्या वर्खाविषयी समाजाने जशी चौकशी सुरू केली, तशीच चौकशी या दोन वस्तूंविषयी करावयास हवी. कापडाला साबुदाण्याची खळ देण्याची रीत अनेक घरांत आहे. परंतु साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आरारूटही कंदाचेच. ज्या घरात कंदमुळे वर्ज्य आहेत, त्या घराने खळीसाठी तांदूळ निवडावा. गाळलेल्या पाण्याच्या एका वाटीत दोन चमचे तांदळाचे पीठ गुठळी न होता कालवावे, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवावे, निवल्यावर कापडाला लावावे आणि थोडा ओलसरपणा असतानाच इस्त्री करावी. खळ लागेल तेवढीच करावी आणि त्याच दिवशी संपवावी. शिळ्या खळीत जीवोत्पत्ती होते, हे घरातील ज्येष्ठ स्त्रियांना सांगावे लागत नाही. शिवाय वर्षानुवर्षे ठेवायच्या वस्तूला खळ देऊच नये. खळीच्या कापडाला कसर लागते. तोरणासारख्या उठून दिसणाऱ्या वस्तूला हलकी खळ द्यावी. पोथीचे वेष्टन मात्र बिनखळीचेच बरे.

पोथीच्या वेष्टनासंबंधी आणखी दोन गोष्टी. त्यावर फूल टाचणीने किंवा तारेने लावू नये. पावसाळ्यात लोखंड गंजते आणि डाग पानांपर्यंत पोचतो. फूल दोऱ्यानेच टाचावे, तेही वेष्टनाच्या बांधायच्या टोकावर, पोथीच्या पृष्ठभागावर दाब येणार नाही अशा बेताने. देवघरातील दीप, समई आणि निरांजन यांच्यापासून कापडी फुले हातभर तरी दूर असावीत. तसेच कमळ, स्वस्तिक किंवा अष्टमंगलांपैकी कोणतीही आकृती पायपुसणे वा बैठकीच्या आसनावर कधीही काढू नये. त्या वस्तूंना साधे फूल पुरे.

फूल करून झाले म्हणजे काम संपले, असे अनेकांना वाटते. वस्तुतः यत्नाचार तेथून पुढे सुरू होतो. कापडाच्या चुण्यांत धूळ साठते, धुळीत सूक्ष्म जीव येतात, कोळी जाळे करतो, दमट हवेत बुरशी धरते. साधु-साध्वीजी आपल्या वस्त्र-पात्रांचे दोन वेळा प्रतिलेखन करतात, ते याच कारणाने. वस्तूत जीव उत्पन्न झाल्यावर तो दूर करण्यापेक्षा तो उत्पन्नच होऊ नये अशी व्यवस्था ठेवणे, हा त्यामागील विचार आहे. गृहस्थाने किमान आठ-पंधरा दिवसांनी तोरण उतरवून, हलक्या हाताने, मऊ कुंचल्याने धूळ पुंजावी. पावसाळ्यापूर्वी सुती फुले गाळलेल्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावीत आणि अधूनमधून उघडून पाहावीत. जी फुले महिनोन्‌महिने कोणी हातात घेऊन पाहत नाही, ती ताज्या फुलांपेक्षा अधिक जीवांच्या नाशास कारण होऊ शकतात. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे मूळ प्रमादात दाखविले आहे. भिंतीवरचे विसरलेले फूल हे त्याचेच घरगुती उदाहरण होय.

आता या कामामागील हातांविषयी. महाराष्ट्रात लग्नातील रुखवतात मुलीच्या हातची कलाकुसर मांडण्याची प्रथा आहे. उद्यापनाच्या प्रसंगी मांडल्या जाणाऱ्या छोडात चंदरवा, पूंठिया आणि तोरण असते. या वस्तूंकडे पाहणारे लोक जरीचे मोल विचारतात, हातांचे विचारत नाहीत. महिला मंडळाकडून शंभर पिशव्या किंवा पन्नास तोरणे मागविताना ‘फावल्या वेळचे काम आहे’ असे सहज म्हटले जाते. बारा फुलांच्या तोरणाला सरावलेल्या हातांनाही तीन-चार तास लागतात. त्याला प्लॅस्टिकच्या तोरणाचा भाव देऊ करणे हा त्या बहिणीच्या श्रमांचा अनादर आहे. समाजात एकाकी, विधवा किंवा अल्प उत्पन्नाच्या साधर्मिक भगिनी आहेत. त्यांच्या घरी साहाय्याचे पाकीट पाठविले जाते, ते घेताना त्यांची मान खाली जाते. तेच पैसे कामाची मजुरी म्हणून दिले, तर मान ताठ राहते. साधर्मिक-वात्सल्याचा हा अधिक चांगला मार्ग नव्हे काय?

यासाठी मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. कापड-व्यापारी आणि शिंपी यांनी सुती कातरणे वेगळी ठेवून महिन्यातून एकदा मंडळाकडे पोचवावीत. भगिनींनी दिवसाच्या उजेडात एकत्र बसून काम करावे. रात्री दिव्यावर किडे येतात, डोळ्यांनाही ताण पडतो. आणि व्याख्यानानंतर किंवा तपस्वींच्या पारण्याच्या प्रसंगी जी प्रभावना वाटली जाते, तीत प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी फूल टाचलेली माळेची किंवा मुहपत्तीची सुती थैली दिली जावी. प्रभावनेचा खर्च तोच राहील, परंतु तो साधर्मिकाच्या घरी जाईल.

शेवटी एक मर्यादा सांगितली पाहिजे. कातरण फुकट मिळते म्हणून घराच्या प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक उशीवर आणि प्रत्येक डब्यावर फुले टाचीत सुटणे, हाही परिग्रहच. परिमाण सोन्या-जमिनीला जसे हवे, तसे शोभेलाही हवे. दाराला तोरणांचे दोन संच, एक वापरात आणि एक धुण्यात, एवढ्यावर भागते. संच जुना झाला की पाकळ्या उसवून उशीत भराव्यात. तिसरा संच झालाच, तर तो शेजारच्या घरी द्यावा.

दशवैकालिक सूत्राच्या ‘द्रुमपुष्पिका’ या पहिल्याच अध्ययनात भ्रमराचा दृष्टांत आहे. भ्रमर फुलाला पीडा न देता त्यातून आवश्यक तेवढेच घेतो, तशी साधूची भिक्षाचर्या असावी, असे तेथे सांगितले आहे. गृहस्थाला साधूची चर्या जमत नाही. परंतु त्या भ्रमराचा थोडा अंश तो आपल्या घरातील कामांत आणू शकतो. झाडावरचे फूल झाडावर राहू द्यावे, किडा कोशात जगू द्यावा, नवे कापड अंगासाठी राखावे आणि जे उरले, त्यातून जपून, मोजके, स्वच्छ असे एक फूल करावे. अशा फुलाला सुगंध नसेल, पण ते दाराला बांधलेल्या घरात पाऊल टाकणाऱ्याला येथे विवेक नांदतो, हे न सांगता कळेल.

बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही उच्चारले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्‌.

जय जिनेंद्र.